सेनगावचं सोयाबीन, ब्राझीलचं सोयाबीन

ऑगस्टमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात सोयाबीनचं एक रोप मुळासकट उपटून पाहा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र रोपाला पुरवतात, म्हणून सोयाबीनला युरिया फार कमी लागतो. युरिया कमी, म्हणजे जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइडही कमी. वातावरण तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जोरकस आहे.

जगात सर्वांत जास्त सोयाबीन पिकवणारा देश ब्राझील. तिथल्या रोपांनाही अशाच गाठी येतात. पण दोन्ही देशांच्या हरितगृह वायूंचा हिशेब मांडला, तर चित्र अगदी वेगळं दिसतं.

२०२३ मध्ये भारताने सुमारे ४१० कोटी टन हरितगृह वायू हवेत सोडले, ब्राझीलने सुमारे १३० कोटी टन. मिथेनसारखे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून ही बेरीज केली जाते. एकूण आकड्यात आपण तिप्पट आहोत. आता लोकसंख्येने भागा. भारतीय माणसाच्या वाट्याला २.९ टन येतात, ब्राझीलच्या माणसाच्या वाट्याला ६ टन. जगाची सरासरी ६.६ टन आहे. ब्राझीलच्या आकड्यात जंगलतोड धरलेली नाही. ती धरली तर तो आणखी चढतो.

हा फरक कुठून आला? आधी गोठ्यात पाहू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार आपल्याकडे गाई-बैल आणि म्हशी मिळून सुमारे ३० कोटी, म्हणजे पाच माणसांमागे एक जनावर. ब्राझीलमध्ये गुरं २३ कोटींवर आणि माणसं सुमारे २१ कोटी. तिथे माणशी एकाहून जास्त जनावर पडतं. शिवाय, वरच्या आकड्यात न धरलेली गोष्ट म्हणजे, कुरणांसाठी ॲमेझॉनचं जंगल आणि सोयाबीनसाठी सेराडो या सवाना प्रदेशातली झाडी तोडली गेली. शतकानुशतकं झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन त्यामुळे हवेत गेला.

विजेच्या बाबतीत मात्र ब्राझील आपल्या पुढे आहे. तिथली बहुतेक वीज पाणी, वारा आणि सूर्य यांपासून येते. आपल्याकडे चार युनिटांपैकी जवळपास तीन कोळशावर तयार होतात. सेनगावलगतच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणावर जलविद्युत केंद्र आहे, पण अशी केंद्रं देशाच्या गरजेला पुरत नाहीत. हळदीला पाणी देताना पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली, तर सुमारे ३० युनिट वीज लागते. देशातल्या विजेच्या सरासरीने त्यामागे वीस किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विहिरीवर धूर दिसत नाही. तो दूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघालेला असतो.

आपला २.९ चा आकडा अभिमानाने मिरवावा असा नाही. त्यात काटकसर आहे, तशी गरिबीही आहे. शिवाय ती सरासरी आहे. शहरात दोन मोटारी बाळगणारा आणि कोरडवाहू दोन एकरांवर घर चालवणारा, दोघांच्या नावावर तेवढेच टन मांडले जातात. पाऊस लांबला की दुबार पेरणीचा खर्च मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्याच माथी बसतो. म्हणूनच जागतिक वाटाघाटींत दरडोई आकड्याचा आग्रह धरणं न्याय्य आहे. मात्र तोच न्याय देशाच्या आतही लागू व्हायला हवा.

सेनगावच्या घरात फ्रिज यावा, शिवारात दिवसा वीज यावी, हा इथल्या माणसाचा हक्क आहे. ती वीज कोळशाची नसावी, एवढंच पाहायचं आहे. ब्राझीलने जंगल राखावं, आपण कोळसा कमी करावा. दोघांचे रोग वेगळे, औषधंही वेगळी. शेतकऱ्याच्या हातात आज दोन गोष्टी आहेत. सौर कृषिपंपासाठी अर्ज करावा आणि मळणीनंतरचं भुसकट पेटवून न देता गुरांपुढे टाकावं किंवा मातीत कुजवावं. बाकीची जबाबदारी सरकारची आणि शहरांची आहे, आणि ती त्यांच्याकडे ठामपणे मागितली पाहिजे.