व्याकरणातून संगणकाकडे

कोडोलीतील आमच्या परिचयाच्या एका घरी गेल्या दिवाळीत वाद निघाला. घरची कन्या भाषाशास्त्रात एम. ए. झालेली, तिला संगणकाचे प्रोग्रॅमिंग शिकावयाचे होते. काकांच्या मते गणितावाचून ते जमणार नाही. वडिलांच्या मते पुण्यास जाऊन भरमसाट शुल्क भरल्यावाचून गत्यंतर नाही. आम्हांस दोन्ही मते पटली नाहीत.

शेजारच्या वारणानगर परिसरात १९९८ साली सहकारी संस्थांच्या योजनेतून ७० गावांसाठी संगणक आले व शेतकऱ्यांच्या उसाची नोंद त्यांवर होऊ लागली. त्या यंत्रास व्याकरण जाणणाऱ्या विदुषीने का भ्यावे? नियम, अपवाद व त्यांचा क्रम यांची काटेकोर मांडणी म्हणजे प्रोग्रॅम. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांत दुसरे काय आहे? १९८७ साली 'पर्ल' ही संगणकभाषा निर्माण करणारे लॅरी वॉल हेही भाषाशास्त्राचेच अभ्यासक होत.

साधने तर घरबसल्या व विनामूल्य मिळतात. आरंभास 'पायथन' ही भाषा घ्यावी. मुंबईच्या आय. आय. टी.ने चालविलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमाचे अनेक पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. पुढे बर्ड, क्लाइन व लोपर यांचा २००९ सालचा इंग्रजी ग्रंथ वाचावा. तो भाषेच्याच उदाहरणांनी पायथन शिकवितो आणि पूर्वतयारीची अपेक्षा ठेवीत नाही.

मात्र नुसते वाचून पोहता येत नाही. पहिल्याच दिवशी 'कोडोली' या शब्दाची लांबी पायथनला विचारावी. आपण अक्षरे तीन मोजतो, यंत्र सहा सांगते. कारण ते व्यंजन व स्वरचिन्ह निरनिराळे धरते. इतरांस हा घोटाळा वाटेल. भाषाशास्त्रज्ञास तो ओळखीचा प्रश्न आहे. नंतर सामान्यरूपाचा नियम लिहावा: 'घोडा'चे 'घोड्याला'. तोच नियम 'राजा'स लावला की 'राज्याला' होते, आणि राजाचा मुजरा राज्यास पोहोचतो! मग अपवाद आधी तपासावा, नियम मागून लावावा, हे आपोआप उमगते. आपल्याच प्रश्नातून मिळालेला असा धडा सहसा विसरत नाही.

याकरिता रोजचा एक तास पुरे. शुल्क नको, पुणेही नको. घरातील मंडळींनी एवढेच करावे की, त्या तासात तिला कोणी चहाकरिता हाक मारू नये. एकत्र कुटुंबात हेच सर्वांत दुर्मिळ साधन होय.