जसा आहे, जेथे आहे

सरकारी कचेरीतली खुर्ची मोडते, पण मरत नाही. एक पाय गेला की ती जिन्याखाली जाते आणि जिन्याखालची जागा संपली की गच्चीवर. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात एक क्रमांक रंगवलेला असतो आणि तोच क्रमांक जडवस्तू नोंदवहीत असतो. वहीतून तो कमी झाल्याखेरीज खुर्ची टाकता येत नाही. तो कमी करायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव, तपासणी, किंमत ठरवणारी समिती आणि शेवटी सक्षम अधिकाऱ्याची सही. बदली होऊन आलेला साहेब आधीच्या साहेबाच्या काळातल्या भंगारावर सही करायला सहसा धजत नाही. पुढे कुणी विचारलं तर? त्यापेक्षा पावसात कुजलेली बरी.

ज्या खुर्चीला सही मिळते, ती आता बहुधा एका संकेतस्थळावर जाते. तिथे तिच्या शेजारी रेल्वेचे रूळ असतात, वीज केंद्रातलं जुनं तेल असतं, कस्टम्सने पकडलेला माल असतो. एकदा तर अख्खी विमानवाहू नौका होती. हा बाजार चालवणाऱ्या सरकारी कंपनीचं नाव एमएसटीसी. शेअर बाजार पाहणारे सोडले तर ते नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही.

तिचा जन्म ९ सप्टेंबर १९६४चा. मुख्यालय कोलकात्याला, मूळ नाव मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन. तेव्हा देशातून भंगार लोखंड परदेशी जात होतं आणि त्या निर्यातीवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. पुढे वारं फिरलं. विजेच्या भट्ट्यांत भंगार वितळवून पोलाद करणारे कारखाने देशातच वाढले, माल कमी पडू लागला आणि बाहेर जाणाऱ्या भंगाराची राखणदार कंपनी बाहेरून भंगार आणणारी झाली. कुणालाही परदेशी भंगार हवं असेल तर ते हिच्यामार्फतच यायचं. तोडायला आणायच्या जुन्या जहाजांचंही तेच. १९९१-९२मध्ये उदारीकरण आलं आणि दोन्ही मक्ते गेले. १९९४मध्ये नावही आखडून नुसतं एमएसटीसी उरलं.

मक्ता गेलेल्या सरकारी कंपन्यांचं पुढे काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. कामगार उरतात, इमारत उरते, काम उरत नाही. या कंपनीने मात्र नव्या शतकाच्या सुरुवातीला लिलाव संगणकावर आणले. आपल्याकडच्या घराघरांत तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून येणारी घरघर होती. त्या दिवसांत भंगाराच्या व्यापाऱ्यांना संगणकासमोर बसवणं, पासवर्ड सांभाळायला शिकवणं हे काही सोपं काम नव्हतं. माझ्या मते या कंपनीचं खरं कर्तृत्व तेच. सॉफ्टवेअर काय, कुणीही लिहिलं असतं.

आधीचा लिलाव कसा असे? वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात जाहीर नोटीस, ठरल्या दिवशी आवारात झाडाखाली टेबल, भोवती पंधरा-वीस माणसं आणि एक वार, दोन वार, तीन वार. त्या पंधरा-वीस जणांनी बरेचदा आदल्या रात्रीच ठरवलेलं असायचं की कुणी कुठवर बोलायचं. याला धंद्यात रिंग म्हणतात. माल एकाच्या नावावर पडत्या भावात सुटायचा, मग तीच मंडळी बाहेर जाऊन आपसांत दुसरा, खरा लिलाव करायची आणि फरक वाटून घ्यायची. बाहेरचा माणूस बोली लावायला आलाच तर फाटकाशीच त्याची समजूत काढली जायची. समजूत या शब्दाचे जेवढे अर्थ मराठीत आहेत तेवढ्या सगळ्या अर्थांनी.

ऑनलाइन लिलावात समोर कोण आहे ते दिसत नाही. सर्वांत वरची बोली दिसते आणि उलटं चालणारं घड्याळ दिसतं. शेवटच्या क्षणी कुणी बोली वाढवली की घड्याळ आपोआप काही मिनिटं पुढे सरकतं, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला डाव साधायची सोय नाही. विक्रेत्या खात्याची राखीव किंमत पडद्यामागे असते. बोली तिच्या खाली राहिली की निकालापुढे तीन अक्षरं येतात: एसटीए, म्हणजे मंजुरीच्या अधीन. खात्याने ‘हो’ म्हटलं तर माल तुमचा. तोवर तुमचे पैसे अडकलेले आणि तुमचा फोन त्या कार्यालयात दिवसाआड खणखणत असतो.

नियमांचा पाया दिल्लीतला आहे. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार, अंदाजे २ लाख रुपयांहून अधिक किमतीचा निरुपयोगी माल जाहिरात देऊन निविदेने किंवा जाहीर लिलावानेच विकावा लागतो. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालय हे सरकारी खरेदी-विक्रीचं जुनं खातं कायमचं बंद झालं. विल्हेवाट म्हणजेच डिस्पोजल. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल बाजारात आला, तेव्हापासून मराठीत ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द रुळला. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची जीप. खातं गेलं तरी शब्द अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे.

हे संकेतस्थळ मी अधूनमधून नुसतं वाचायला उघडतो. घ्यायचं काही नसतं. पण त्या याद्यांतून सरकार जसं दिसतं तसं अर्थसंकल्पातून दिसत नाही. छापखान्यातले सुटे भाग, पाणीपुरवठ्याचे पंप, रुग्णालयातल्या गंजलेल्या खाटा, वातानुकूलन यंत्रं, टायर. प्रत्येक ढीग म्हणजे एक लॉट, प्रत्येक लॉटला क्रमांक, अंदाजे वजन आणि ठिकाण. खाली ठरलेली अट असते: माल जसा आहे, जेथे आहे, तक्रारीला जागा नाही. लग्नाच्या याद्यांवरही ही ओळ छापायला हरकत नसावी.

शोधायला बसलं की मात्र फजिती होते. तुम्हाला हवं असतं शिसवी टेबल. यादीत असतं ‘मिश्र लाकडी व लोखंडी फर्निचर, एक लॉट’. त्या ढिगात टेबल आहे की नाही हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाहायची वेळ कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत. टेबल असलंच तर सोबत मोडक्या कपाटांचा आणि पत्र्याचा ढीगही उचलावा लागणार. शिवाय नोंदणी, बयाणा, जीएसटी, टीसीएस. बॅटऱ्या किंवा वापरलेलं तेल असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. माल ठरल्या मुदतीत उचलला नाही तर जागेचं भाडं सुरू. सरकारने फाटक सताड उघडलं खरं, पण आतला माल ट्रकनेच मोजला जातो. हातात पिशवी घेऊन गेलेल्याने काय घ्यावं?

त्यात दुकानही एक नाही. रेल्वे आपलं भंगार आयआरईपीएस या स्वतःच्या संकेतस्थळावर विकते. सरकारी खरेदीसाठी काढलेल्या जेम या संकेतस्थळावर आता विक्रीचेही लिलाव होतात. बँकांनी जप्त केलेल्या घरांसाठी आणखी वेगळी दारं आहेत. हे सगळं एका जागी शोधून देतो असं सांगणारे खासगी दलाल मग उगवतात आणि जी माहिती सरकार फुकट मांडतं ती वर्गणी घेऊन विकतात. चिडायचं कारण नाही. बारीक टायपातल्या नोटिसा कापून व्यापाऱ्यांना पोचवणारी माणसंही पूर्वी होतीच.

सामान्य माणसाला या बाजाराचं एकच खरं आकर्षण होतं, ते म्हणजे सरकारी गाड्या. कलेक्टरांची ॲम्बेसेडर, खात्याची जीप. आता १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाडीची नोंदणीच संपते आणि ती नोंदणीकृत मोडतोड केंद्रालाच द्यावी लागते. गाडी विकली जाते, पण चालवायला नव्हे, चिरायला. प्रदूषणाचा विचार करता हे योग्यच. तरी कलेक्टरांची गाडी दारात लावून मिरवण्याचा एक निरुपद्रवी आनंद संपला, हेही खरं.

दुसऱ्या टोकाला याच यंत्रणेवर देशाचे मोठे सौदे झाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४मध्ये कोळसा खाणींची जुनी वाटपं रद्द केल्यावर २०१५मधले खाणींचे लिलाव एमएसटीसीच्या संगणकांवरच झाले. २०२२मध्ये फाइव्ह-जीच्या लहरी सात दिवस आणि चाळीस फेऱ्यांनंतर सुमारे दीड लाख कोटी रुपयांना गेल्या, तेव्हाही लिलाव चालवणारी हीच कंपनी होती. मोडकी खुर्ची आणि आकाशातल्या लहरी विकण्याची रीत मुळात एकच: लॉट, घड्याळ, वरची बोली.

आणि त्या विमानवाहू नौका. ‘विक्रांत’ २०१४मध्ये ऑनलाइन लिलावात साठ कोटींना गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. तिचं काही पोलाद पुढे एका मोटरसायकलच्या टाकीत आलं. ‘विराट’ एमएसटीसीच्या लिलावात ३८.५४ कोटींना गेली आणि सप्टेंबर २०२०मध्ये मुंबईहून ओढत अलंगला नेली गेली. दोन्ही नौकांची संग्रहालयं करायचे बेत होते, विक्रांत तर काही वर्षं मुंबईच्या किनाऱ्याला संग्रहालय म्हणून उभीही होती. शेवटी हिशेब झाला तो पोलादाच्या वजनाचा. विराट एका लॉटमध्ये बसली, यापलीकडे त्या यादीने काही म्हटलं नाही.

खुर्च्यांचा शेवट इतका गाजावाजाचा नसतो. पैसे भरले की माल उचलण्याचा हुकूम मिळतो, वजनकाट्यावर आधी रिकामा ट्रक, मग भरलेला. व्यापाऱ्याच्या गोदामात ढीग सुटा होतो. लोखंड भट्टीकडे, लाकूड बेकरीकडे. चार पाय शाबूत असलेल्या दोन-चार खुर्च्या निघतातच, त्या हातोहात विकल्या जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशी एखादी दिसते. पाठीवरचा पांढरा क्रमांक खरवडायचे कष्ट कुणी घेतलेले नसतात.