गाठ मधोमध बसली पाहिजे

संपादकांना शिवणमशीनवर लेख हवा होता. अट एकच: मुंबई-पुण्याचं बुटीक नको, सीमेवरचं गाव घे. तुकईथड तसं गाव आहे. जिल्हा बऱ्हाणपूर, तालुका खकनार, राज्य मध्य प्रदेश, आणि पलीकडे लगेच मेळघाट. मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू इथं एकाच ओसरीवर ऐकू येतात. अकोला–खंडवा मीटरगेजची गाडी धूळघाटचा प्रसिद्ध वळसा घेऊन इथं यायची. पुढे गेजबदलासाठी मार्ग बंद झाला आणि रूळ व्याघ्र प्रकल्पातून न्यायचे की बाहेरून, या वादात तो अडकून राहिला.

बऱ्हाणपूरचं नाव निघालं की पर्यटकांना मुमताज महल आठवते. शिवणाऱ्या बाईला बुकरम आठवावं. गळ्याच्या पट्टीत, कॉलरमध्ये, कफात जे ताठ कापड आत दडलेलं असतं, ते बुकरम बनवणाऱ्या गावांत बऱ्हाणपूर मोठं आहे. यंत्रमागांचं शहर, ताप्ती मिल १९०६ सालची. शिवलेल्या कपड्यात बुकरम कुणाला दिसत नाही, पण ते नसलं तर गळा लोळतो.

मशीनचा इतिहास उरकून घेऊ. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि वर्षभरातच पॅरिसच्या शिंप्यांनी, पोटावर पाय येईल म्हणून, त्याच्या कारखान्यातली यंत्रं फोडली. अमेरिकेत एलियास हाऊ याचं पेटंट १८४६चं, आयझॅक सिंगरचं १८५१चं. सिंगरने हप्त्यांनी मशीन विकायची रीत रुजवली आणि एकोणिसाव्या शतकातच त्याची मशीन हिंदुस्थानात पोचली. गांधीजींना १९२४ साली कुणीतरी विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी सिंगरच्या मशीनला सूट दिली. चरख्याखेरीज गांधीजींची माया मिळालेली यंत्रं फार नाहीत.

पण मला पुढे हलवेना ते मशीनच्या पोटातल्या भागापाशी. काळी, सोनेरी वेलबुट्टीची पायमशीन घ्या. सरकती पट्टी बाजूला केली की खाली शटल दिसतं, त्यात बॉबिन केस, त्यात बॉबिन. हातशिलाईच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते, तळ गाठते आणि परत फिरताना अगदी किंचित वर उचलली जाते. तेवढ्यात कापडाखाली दोरा ढिला पडून त्याचा फासा होतो. शटलचं अणकुचीदार टोक त्या फाशात शिरतं आणि तो अख्ख्या बॉबिनवरून फिरवून आणतं. वरची दांडी दोरा ओढून घेते आणि दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत बसते. हे सगळं एका टाक्यात. टाचेचा आणि चवड्याचा ताल जमलेली बाई मिनिटाला शेकड्यांनी असे टाके घालते आणि तोंडाने गप्पा मारत राहते.

गाठ मधोमध बसली पाहिजे, यातच सगळी कला आहे. वरचा ताण जास्त झाला तर खालचा दोरा वर ओढला जातो, कमी झाला तर खाली दोऱ्याचा गुंता होतो. शिकाऊ मुलगी कापडाखालचा गुंता बघून बॉबिनला शिव्या घालते, केस काढते, फुंकर मारते, तेल सोडते. दोष बहुतेक वेळा वर असतो: दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. शिकवणारी बाई हे लगेच सांगत नाही. ती मुलीला पाच-दहा मिनिटं खालीच शोधू देते. मग कुणीतरी सासू-सुनेचा विनोद सोडतं, गडबड वरून आणि बोल खालच्याला, आणि हसण्यात धडा पक्का होतो. आयटीआयच्या फळ्यावर हीच गोष्ट आकृती काढून शिकवतात. तिथं ती विसरायला होते.

ओसरीवर चार-पाच मशिनी आणि आठ-दहा बायका जमल्या की त्यांचे काही नियम आपोआप ठरतात. ते कुणी लिहून ठेवलेले नसतात, पण मोडले की लगेच कळतं. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. हा गुन्हा बिनमाफीचा. दुसरीच्या मशीनवर बसायचं तर विचारून, आणि ताणाचा स्क्रू फिरवला तर उठताना होता तिथं आणून. कापड नसताना दाबाचा फूट खाली टाकून पाय मारायचा नाही, दाते झिजतात. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, तर पहिलं हसायचं आणि मग मदत करायची. कात्री रिकामी वाजवायची नाही, भांडणं लागतात. तिन्हीसांजेला सुई उसनी द्यायची नाही. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा नाही. या शेवटच्या समजुतीमागे शहाणपण आहेच: घाईत घातलेला टाका पुष्कळदा कातड्याला लागतो.

बोलण्याचीही रीत आहे. नव्या मुलीने पहिला ब्लाऊज शिवला आणि बाही उलटी लागली तर ‘वाईट झालं’ म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘वहिनी, हात मागून घालायचा का यात?’ उसवायची पाळी सगळ्यांवर येते, म्हणून उसवणारीची थट्टा चालते, पण तिच्या गिऱ्हाइकासमोर नाही. गिऱ्हाईक दारात आलं की ओसरी एकदम गंभीर होते. एकीने बिघडवलेलं दुसरी ‘असाच पॅटर्न आहे’ म्हणून सावरून घेते. शिलाईचे भाव एकमेकींचे पाडायचे नाहीत. आणि गिऱ्हाइकाची मापं, कुणाची कंबर किती वाढली, हे ओसरीबाहेर न्यायचं नाही. हा नियम किती पाळला जातो, ते मी इथं लिहीत नाही.

शिंप्यांची थट्टा आपल्या भाषेला नवी नाही. सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा यांची संगत नको, असं म्हणून तिघांना एका ओळीत उभं करणारी म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. शिंप्याचा ‘उद्या’, ‘फक्त हुक राहिलेत’ आणि उरलेल्या कापडाचं काय झालं याचं न मिळालेलं उत्तर, यांवर पिढ्या हसल्या. पण ज्या नामदेवांच्या नावाने शिंपी समाज ओळखला जातो, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्यांतल्या एकात त्यांनी मनाला गज केलं, जिभेला कात्री. त्या कात्रीने ते यमाचा फास कापत होते. ओसरीवरच्या कात्र्यांपुढे एवढं मोठं काम नसतं, धार मात्र असते.

सीमेवर थट्टेला आणखी एक विषय मिळाला. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये ‘लाडली बहना’ सुरू झाली, महिना हजार रुपयांनी. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ आली, दीड हजारांनी. एका घरच्या दोन बहिणी, एक अलीकडे दिलेली, एक पलीकडे. कोणता भाऊ जास्त लाडका, यावर हसता हसता एक बाही शिवून होते.

आता काळजीचं. मशीन मिळणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही, आणि त्याचाच घोळ आहे. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. तिच्यात १८ कारागिरी आहेत, शिंपीकाम त्यांतलं एक. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. चांगली योजना. पण तिच्याआधीपासून ‘मोफत शिलाई मशीन’चा एक खोटा निरोप मोबाइलवर फिरत होता, आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयालाच तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. गरजू बाईला खरी योजना आणि खोटा निरोप यांत फरक करता येत नाही. ती आधार कार्डाची झेरॉक्स कुणाच्याही हाती देते. ओसरीवरचा एक नियम इथं कामाचा ठरावा: न विचारता दुसरीच्या पदरात काही टाकायचं नाही, मग तो निरोप का असेना.

दुसरी अडचण मशीन घरी आल्यावर सुरू होते. प्रशिक्षण आठवड्याभराचं. त्यात सरळ टीप येते, पेटीकोट येतो, फार तर साधा ब्लाऊज. मुंढ्याची गोलाई, कटोरी, अस्तराचा ब्लाऊज, तिरप्या कापडाची पट्टी न लोळू देता लावणं, हे हाताला यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि तेवढा काळ शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं. उषा कंपनीने २०११ पासून स्थानिक संस्थांना धरून गावोगाव शिलाई शाळा काढल्या. शिकलेल्या बाईने आपल्या घरीच दुसऱ्यांना शिकवायचं, ही त्यांची रीत मला पटते, कारण तीत शेजारीण हिशेबात धरलेली आहे. नुसतं मशीन वाटलं की ते पुष्कळदा घराच्या कोपऱ्यात एकटं पडतं. सहा महिन्यांनी त्यावर टीव्ही असतो, नाहीतर घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग.

तिसरी अडचण बाजाराची. तयार कुर्ता आठवडी बाजारात कापड आणि शिलाई मिळून पडेल त्याहून स्वस्त मिळतो. साडीचा ब्लाऊज तेवढा मापाचा लागतो म्हणून गावचं शिवणकाम टिकून आहे. पोलकी, झबली, परकर हळूहळू गेले. आता मोटार लावलेली मशीन, पिको आणि ओव्हरलॉकची जोडणी असेल तरच दिवसाचा हिशेब बसतो. त्या मशिनी महाग, वीज बेभरवशाची. मुली मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रिन्सेस कट शिकतात आणि छान शिकतात. व्हिडिओतली बाई कापताना दिसते, पण मुंढा ओढत असेल तर तो ओढतोय असं ती सांगू शकत नाही.

माझं मत झालंय ते असं. गावाला दहा मशिनी दहा घरांत देण्याऐवजी पाच एका खोलीत ठेवाव्यात, वर पंखा, दारात पाणी, आणि अनुभवी बाईला शिकवण्याचा ठरलेला पगार. पंचायतीच्या इमारतीत अशी खोली सहज निघते. बाकीचं बायका बघून घेतील.

आणि आपण गिऱ्हाइकांनी निदान एवढं करावं. सुती कापड आणि अस्तर धुऊन, वाळवून मग शिवायला टाकावं. दिवाळीचा ब्लाऊज नवरात्राआधी द्यावा. आत माया ठेवायला सांगावी. शिलाई ठरवतानाच ठरवावी, नेताना घासाघीस करू नये. आणि मापाला दिलेला ब्लाऊज लग्नातला असू नये.