डाव्या बाजूची सीट

"येऊ दे, येऊ दे... डावीकडं मार... अजून जरा... बास, बास!" आणि पत्र्यावर धाडकन थाप. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याची आवक भरात असते, तेव्हा पहाटे हा आवाज चारी बाजूंनी यायचा. ओरडणारा पोरगा म्हणजे क्लीनर, बोलण्यात ‘किन्नर’. आता गाडी मागं येते ती पीं-पीं करत. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून मागं बघत असतो. डावीकडची सीट रिकामी. फार तर तिच्यावर पाण्याचा जार आणि घडी घातलेली चादर.

ट्रकचालकाचा धंदा गेल्या तीस-चाळीस वर्षांत कसा पालटला हे सांगताना लोक रस्ते आणि इंजिनं मोजतात. मला ती रिकामी सीट जास्त सांगते.

सोलापूर ट्रकवाल्यांचं गाव का, ते नकाशा पाहिला की कळतं. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा आणि धुळे-बीडकडून विजापूरला उतरणारा, हे दोन्ही रस्ते इथं एकमेकांना छेदतात. पूर्वी त्यांचे क्रमांक ९, २११, १३ असे होते. नव्या क्रमांकांत पहिला ६५ झाला आणि उरलेले दोन ५२ मध्ये गेले. ड्रायव्हर मात्र अजून ‘पुणे रोड’, ‘विजापूर रोड’च म्हणतात. चादरी-टॉवेल, साखर, कांदा, डाळिंब, होटगीकडचं सिमेंट. भाड्याला इथं वाण नव्हती. मराठीबरोबर कानडी, तेलुगू, उर्दू इथल्या पोराला गल्लीतच मिळायची, ती पुढं लाइनवर कामी यायची.

जुनी गाडी म्हणजे टाटा नाहीतर लेलँड. टाटांनी १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं ट्रक काढले, १९६९ पर्यंत नाकावर तो तारा होता. कंपनीतून यायची ती नुसती चासी. छप्पर नाही, दार नाही; तोंडाला फडकं गुंडाळून ड्रायव्हर ती शेकडो मैल हाकत आणायचा. मग सुतार-लोहार मिळून लाकूड-पत्र्याची केबिन आणि हौदा बांधायचे. सोलापूरचा मे महिना आणि वर मांडीशी धगधगणारं इंजिन! स्टिअरिंग इतकं जड की वळणावर माणूस सीटवरून उठायचा. गिअर टाकायचा तर डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल करा, सोडा, पुन्हा दाबा, मग गिअर. खाली उतरवताना मध्ये ॲक्सिलरेटरलाही जरा पाय लावायचा. वेळ चुकली की गिअरबॉक्समधून कर्रर्र आणि शेजारून उस्तादाची शिवी. बहुतेक ड्रायव्हरांची शाळा हीच, डाव्या सीटवरची. फी अंगमेहनतीची.

त्या शाळेतला पहिला धडा टायर ठोकण्याचा. गाडी थांबली की किन्नर टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, घेऊन खाली उतरायचा आणि एकेका चाकावर हाणत जायचा. हवा भरपूर असेल तर टॉमी टणकन उसळते. कमी असेल तर आवाज बसका येतो. मागच्या जोडचाकांतला आतला टायर धड दिसत नाही, तो कानानंच ओळखायचा. पंक्चर झालं तर लोखंडी रिंग काढून ट्यूब बाहेर. हवा भरताना ती रिंग उडाली तर माणूस जागच्या जागी जायचा, म्हणून जाणती माणसं चाकाला साखळी गुंडाळत. ट्यूबलेस रेडियल आले तसं हे काम टायरवाल्याच्या दुकानात गेलं. ताडपत्री आणि दोराच्या गाठी उरल्या. कंटेनरला त्याही नकोत.

मग कागद गेले. जकातीच्या खिडकीकडे बिल्टी घेऊन पळायचं ते किन्नरानं. जकात गेली, एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही संपला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि पुढच्या वर्षी ई-वे बिल. शहरात ‘जुना पुणे नाका’, ‘विजापूर नाका’ ही नावं तेवढी राहिली. टोलसाठी सुटे पैसे मुठीत धरून बसण्याचं कामही फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यावर सुटलं. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस. एकेका टोलवर टॅग वाजतो आणि गाडी पुढं. लांबोटीचा मक्याचा चिवडा घ्यायलाही आता मुद्दाम थांबावं लागतं.

किन्नरावरचा मोठा घाव सरकारी नियमाचा. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत अशी अट होती. कागदावरचा दुसरा ड्रायव्हर पुष्कळदा किन्नरच असायचा, पण माणूस तरी असायचा. २०१८ मध्ये ती अट निघाली. मालकानं हिशेब केला, एक पगार आणि भत्ता वाचला. डिझेल, टायर, बँकेचा हप्ता यांत वाचवण्यासारखं उरलंय काय, असं मालक म्हणतात, आणि ते अगदी खोटं नाही.

किन्नराचे दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. चौदा-पंधराचं पोर मार खायचं, टपावर झोपायचं, हातात चहापाण्यापुरते पैसे. ते थांबलं ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर शिकायची वाटही बुजली, आणि आता तेच मालक ‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ म्हणून कपाळाला हात लावतात. आठवी पासची अट सरकारनं २०१९ मध्ये काढून टाकली. अडचण दाखल्याची कुठं होती? लायसन्स मिळतं हो. पण भरलेली सोळाचाकी बोरघाटात कुठल्या गिअरवर उतरवायची, हे लायसन्सवर लिहिलेलं नसतं.

गाडी सुधारली यात शंका नाही. पॉवर स्टिअरिंग आलं, आणि २०२५ मध्ये नव्या मध्यम व जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. फार उशिरा झाली, एवढंच. मात्र रात्री तीनला थंड केबिनमध्ये डोळा लागायला लागतो, तेव्हा तंबाखू मळून देणारा, उगीच गावच्या गोष्टी काढणारा कोणी शेजारी नसतो. दिवसाला आठ तासच काम हा कायदा १९६१ मध्येच झाला; लाइनवर तो पाळलेला कोणी पाहिलाय? जीपीएस मालकाला गाडी कुठं थांबली ते लगेच कळवतं. ड्रायव्हर किती तास जागा आहे, हे त्याला कळत नाही.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या तेव्हा सगळ्यांना ड्रायव्हर आठवला. अपघातानंतर न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, या कलमाविरुद्ध तो संप होता. थांबलो तर जमाव मारतो, असं ड्रायव्हरांचं म्हणणं. पुढं जुलैत नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. शेजारी कोणी नसलेल्या माणसाला जमावाची भीती दुप्पट वाटते, हे मी त्या दिवसांत समजलो.

तेव्हा कांद्याच्या दिवसांत हैदराबाद रोडनं जाताना एखादा ट्रक यार्डात उलटा शिरत असेल, तर हॉर्न वाजवत त्याच्या मागून दुचाकी काढू नका. दोन मिनिटं थांबा, जमलं तर हात दाखवा. त्याच्या डाव्या बाजूला बघणारं कोणी नाही.