आवाज शून्यावर नेला, तर खिडक्या थरथरतील

महागडा होम थिएटर रिसीव्हर घरात आला की पहिल्याच संध्याकाळी एक प्रश्न हमखास पडतो. बटण फिरवलं की उणे ५०, उणे ४०, उणे ३० असे आकडे दिसतात. आवाज वाढत जातो आणि आकडा शून्याकडे सरकतो. मग शून्यावर काय होतं?

शून्यावर थिएटर होतं! सिनेमाच्या आवाजाचं मिक्सिंग ज्या स्टुडिओत होतं, तिथे आवाजाची एक पातळी ठरलेली असते. रिसीव्हरची मांडणी नीट केलेली असेल, तर शून्य म्हणजे तीच पातळी. तिथे समोरच्या एकेका स्पीकरमधून १०५ डेसिबलपर्यंतचा दणका निघू शकतो आणि सबवूफरच्या खास वाहिनीतून ११५ पर्यंत. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा आहे दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. तर बटणावरचा उणे आकडा सांगतो, की आपण थिएटरपेक्षा किती खाली बसून सिनेमा बघतोय. आमच्या घरी दिवसा उणे २२, रात्री उणे ३५. काही कंपन्या ० ते ९८ असा सरळ आकडाही देतात. डेनॉनमध्ये त्यातला ८० म्हणजे हे शून्य.

डॉल्बी आणि चंदीगड

‘डॉल्बी’ म्हटलं की महाराष्ट्रात आधी वरात आठवते. नाहीतर मिरवणुकीतली ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ‘यंदा डॉल्बी नाही, ढोल-ताशा’ असं मंडळं बैठकीत ठरवतात, पोलीस ‘डॉल्बीमुक्त’ उत्सवाचं आवाहन करतात. हा शब्द आपण इतका आपलासा केलाय, की त्यामागे एक माणूस आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. त्या माणसाने नाव कमावलं ते नको असलेला आवाज कमी करून. रे डॉल्बी यांचं गाजलेलं काम म्हणजे टेपच्या मागे सतत चालणारी खरखर दाबणं. आणि ही कल्पना त्यांना सुचली भारतात! १९६३ ते १९६५ ते संयुक्त राष्ट्रांतर्फे सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होते. तिथून लंडनला जाऊन १९६५ मध्येच त्यांनी डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. रिसीव्हरच्या खोक्यावरचा तो दोन ‘डी’चा शिक्का पाहिला की मला त्यांची चंदीगडमधली ती दोन वर्षं आठवतात.

आरएक्स

यामाहाच्या रिसीव्हरची नावं आरएक्स-व्ही, आरएक्स-ए अशी सुरू होतात. यामाहाच्याच आरएक्स १०० मोटारसायकलवर कॉलेज केलेल्या पिढीला ‘आरएक्स’ म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, नाव वाचूनच किल्लीसाठी त्यांचा हात खिशाकडे जातो. दोन्हींवर चिन्हही तेच, तीन स्वरकाटे एकमेकांत गुंफलेले. कारण ही मंडळी मुळात वाद्यांची. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ मध्ये एक बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथून सगळं सुरू झालं. यामाहाच्या वरच्या श्रेणीतल्या रिसीव्हरला चार कोपऱ्यांखेरीज मधोमध पाचवा पाय असतो, कंपनं कमी करण्यासाठी. दुकानात गेलात तर पेटी जरा उचलून खाली बघा.

वॅटचा मोठा आकडा

१०० वॅटऐवजी २०० वॅटचा रिसीव्हर घेतला तर आवाज दुप्पट होतो का? नाही. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दसपट करावी लागते. म्हणून ९५ वॅट की ११० वॅट, या विचारात रात्र घालवू नका. तो फरक अर्ध्या-पाऊण डेसिबलचा.

त्यापेक्षा आकड्याखालची बारीक ओळ वाचा. १५० वॅट हे बहुतेक वेळा दोनच वाहिन्या चालू असताना मोजलेले असतात. कधी तर एकच. नऊ-अकरा स्पीकर एकदम कामाला लागले, की सगळ्यांना एकाच ट्रान्सफॉर्मरमधून वाटून घ्यावं लागतं. त्यामुळे माझा भरवसा वजनावर. मोठा ट्रान्सफॉर्मर आणि जाड हीटसिंक हलके नसतातच. डेनॉनचा २०२३ मध्ये आलेला ए१एच हा १५ वाहिन्यांचा रिसीव्हर तब्बल ३२ किलोचा आहे. गव्हाच्या पोत्यासारखा, दोघांनी मिळून उचलायचा.

आणि ५.१ मधला तो ०.१? ती पूर्ण वाहिनी नव्हेच. १२० हर्ट्झच्या खालचा गडगडाट तेवढा तिच्यातून जातो, म्हणून दशांशात मोजली. हे नाव रूढ केलं टॉमलिन्सन होल्मन यांनी. थिएटरातल्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्स या नावातले टी आणि एच त्यांचेच.

आपला स्लॅब इथे जिंकतो

डोक्यावरूनही आवाज देणारं डॉल्बी अ‍ॅटमॉस थिएटरात आलं २०१२ मध्ये, ‘ब्रेव्ह’ या सिनेमाबरोबर. घरच्या रिसीव्हरमध्ये २०१४ मध्ये. ७.१.४ मधला शेवटचा चार म्हणजे डोक्यावरचे स्पीकर. पाऊस वरून पडायला हवा आणि हेलिकॉप्टर पंख्याच्या वरून जायला हवं. अमेरिकेत छत पोकळ असतं, भोक पाडलं की स्पीकर बसतो. आपल्याकडे सिमेंटचा स्लॅब. पीओपीचं फॉल्स सीलिंग नसेल तर छतात स्पीकर बसवणं विसरायचं.

पण दुसरा मार्ग आहे आणि त्यात आपण पुढे आहोत. काही स्पीकरचं तोंड वर असतं. ते आवाज छतावर फेकतात आणि तो वरून आल्यासारखा ऐकू येतो. त्यासाठी छत सपाट आणि कडक हवं, उंची साधारण साडेसात ते बारा फूट. हे तर आपल्या कुठल्याही फ्लॅटच्या हॉलचं वर्णन झालं! फक्त तो आवाज पंख्याच्या पात्यांवर आदळणार नाही, एवढं बघा.

अ‍ॅटमॉसचा दिवा लागला म्हणजे सगळीकडे आवाज सारखाच, असं मात्र नाही. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस दाबून पाठवलेला असतो, बहुधा सेकंदाला ७६८ किलोबिटपर्यंत. ब्लू-रे डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी काहीही न गाळता येतो. चांगल्या स्पीकरवर फरक जाणवतो.

रविवार सकाळ, पंखे बंद

पेटीची किंमत खऱ्या अर्थाने वसूल होते ती तिच्याबरोबर आलेल्या छोट्याशा माइकमुळे. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त आवडतं ते हेच. अनेक रिसीव्हरमधल्या या तंत्राचं नाव ऑडिसी. २००२ मध्ये ही कंपनी ज्यांनी काढली, त्यांत वर उल्लेख केलेले होल्मन आहेत आणि सुनील भारीटकरही आहेत.

माइक ट्रायपॉडवर लावायचा, बसल्यावर जिथे कान येतात बरोबर त्या उंचीवर. सोफ्याच्या पाठीवर ठेवायचा नाही, हातात धरायचा नाही. मग एकेका स्पीकरमधून ‘फुईई’ असा आवाज निघतो आणि पेटी तो ऐकून घेते. माइक थोडा सरकवायचा, पुन्हा तेच. असं आठ जागी. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी सातला चाललं. पंखा बंद, फ्रिज बंद, बाल्कनीचं दार लावलेलं. पाचव्या जागी शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि पेटीने सांगितलं, फार आवाज आहे, परत करा. परत केलं.

शेवटी निकाल आला. पेटीने प्रत्येक स्पीकरचं अंतर काढलं होतं. मी टेपने मोजलं तर समोरच्यांचं जवळपास तंतोतंत. आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. पेटी तो वेळ मोजते आणि जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवते, म्हणजे सगळ्यांचा आवाज कानात एकदमच पोचतो. सबवूफरचं अंतर मात्र तिने टेपपेक्षा चांगलं दीड मीटर जास्त दाखवलं. ते चूक नसतं. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज जरा रेंगाळतो आणि पेटी तो उशीरही अंतरात धरते. तो आकडा ‘सुधारू’ नका.

मागच्या डाव्या स्पीकरबद्दल तिने इशारा दिला की तारा उलट्या आहेत. लाल-काळी अदलाबदल झाली तर स्पीकर वाजतो, पण बाकीचे बाहेर ढकलतात तेव्हा हा आत ओढतो आणि खर्ज कुठेतरी विरून जातो. खात्री करायचा जुना उपाय सोपा आहे. तारा रिसीव्हरमधून काढायच्या आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवायचा, अधिक बाजू लालला. पडदा पुढे आला तर जोडणी बरोबर. आमचा मागे गेला. भिंतीतल्या पट्टीत दोन्ही तारा पांढऱ्याच होत्या, त्यामुळे वायरिंग करताना अदलाबदल झालेली.

सबवूफर सोफ्यावर, माणूस जमिनीवर

२० हर्ट्झचा आवाज एका लाटेत १७ मीटर व्यापतो. एवढी खोली कुणाकडे आहे? म्हणून खर्ज घरात अडकतो आणि भिंतींमध्ये घुमतो. बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास एक ठिकाण ढणढणतं, दुसरं गप्प असतं. चांगली जागा शोधायची पद्धत पाहायला मजेशीर आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, खर्जाचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे खर्ज सगळ्यात स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. घरातल्या लहान मुलांना बरोबर घ्या, ती आनंदाने रांगतात.

खालच्या मजल्यावरच्यांसाठी सबवूफरखाली जाड रबराचे पाय लावले तर जमिनीतून जाणारा थरथराट कमी होतो. हवेतून जाणारा खर्ज मात्र जातोच, म्हणून रात्रीचा आकडा पाळा.

पेटीलाही श्वास लागतो

रिसीव्हर नेहमीच्या प्रकारचा असेल तर घेतलेल्या विजेचा बराच भाग उष्णतेतच जातो. त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर उन्हाळ्यात चहाच्या कपासारखा लागतो. आमचं टीव्ही युनिट सुताराने सुंदर केलं होतं, काचेच्या दारासकट. मे महिन्यात एका रात्री सिनेमाच्या ऐन लढाईत सगळं गप्प झालं आणि लाल दिवा लुकलुकू लागला. पेटीने स्वतःला वाचवलं होतं. दुसऱ्या दिवशी काच काढली, मागच्या प्लायला भोकं पाडली, वर वीतभर जागा मोकळी केली. आतल्या कपॅसिटरबद्दल अभियंत्यांचा ढोबळ हिशोब असा, की १० अंश थंड ठेवलं तर आयुष्य जवळजवळ दुप्पट.

ऊब आली की पाहुणे येतात. पावसाळ्यात पाल, झुरळं, मुंग्या यांना रिसीव्हरची जाळी फार आवडते. वर कापड झाकणं हा त्यावर उपाय नव्हे, त्याने हवाच कोंडते. मऊ ब्रशने धूळ काढा आणि आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवा, दमट हवा बाहेर पडते.

भाच्याला सांगण्याआधी

अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला ‘येताना एक रिसीव्हर घेऊन ये’ सांगणार असाल तर थांबा. तिथली पेटी १२० व्होल्टची, आपली वीज २३०. मोठा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणार आणि इथे वॉरंटीचंही अवघड. आणखी एक गंमत. अमेरिकेत एफएम केंद्रं ९८.१, ९८.३ अशा विषम दशांशांवरच असतात आणि तिथले अनेक ट्यूनर तशीच उडी मारतात. आकाशवाणी पुणे आहे १०१.० वर. म्हणजे १००.९ झालं की थेट १०१.१!

आईची तक्रार

इतकं सगळं बसवल्यावर आमच्या आईचं म्हणणं एकच होतं, “गाणी जोरात आणि बोलणं पुटपुटल्यासारखं.” तिचं बरोबर होतं. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं आणि आमचा मधला स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला होता. तो कप्प्याच्या कडेला ओढला, तोंड जरा वर केलं आणि रिसीव्हरमध्ये मधली वाहिनी ३ डेसिबलने वाढवली. रात्रीसाठी फार मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणणारी सोय असते, ती चालू केली.

आई आता रात्री मालिका उणे ३८ वर बघते. सबटायटल्स बंद.