कंपवाताच्या रुग्णांच्या हालचालींचे मापन : संवेदकांची उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना : चेतापेशींच्या क्रमशः ऱ्हासातून उद्भवणाऱ्या आजारांत कंपवाताचे स्थान महत्त्वाचे आहे. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मंदावलेल्या हालचाली, स्नायूंचा ताठरपणा व विश्रांतावस्थेतील कंप ही त्याची प्रमुख लक्षणे होत. रुग्ण दिवसभरात किती हालचाल करतो, हे औषधयोजना व व्यायाम ठरविताना कळणे आवश्यक असते.

मापनाची गरज : तपासणीच्या वेळी डॉक्टर ठरावीक श्रेणीनुसार रुग्णास गुण देतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली अशी एक श्रेणी २००८ मध्ये सुधारित स्वरूपात मांडण्यात आली. परंतु ही नोंद काही मिनिटांपुरती असते. लेव्होडोपा या औषधाचा प्रभाव दिवसभरात कमी-अधिक होत असल्याने सकाळी सहज चालणारा रुग्ण दुपारी जखडून जाऊ शकतो. रुग्णाने आठवून सांगितलेली माहितीही बरेचदा अपुरी पडते. ही उणीव अंगावर बाळगण्याचे संवेदक भरून काढू शकतात.

कार्यपद्धती : मनगटावर वा कंबरेवर बांधलेला त्वरणमापक तीन परस्परलंब दिशांतील त्वरण सेकंदाला अनेक वेळा नोंदवितो. या नोंदींवरून संगणक पावलांची संख्या, चालण्याचा कालावधी व बैठा काळ यांचे अनुमान काढतो.

मर्यादा : संवेदक त्वरण मोजतो, हालचालीमागील हेतू त्यास कळत नाही. विश्रांतावस्थेतील कंप सेकंदाला साधारणतः ४ ते ६ आवर्तनांचा असतो. त्यामुळे रुग्ण खुर्चीत स्वस्थ बसलेला असतानाही मनगटावरील उपकरण त्यास क्रियाशील ठरवू शकते. औषधाच्या दीर्घ वापरानंतर उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचालींबाबतही हेच घडते. याउलट, पाय घासत सावकाश चालणाऱ्याची पावले मोजणीतून निसटतात. म्हणजेच कंप वाढलेला रुग्ण सुधारल्यासारखा, तर कष्टाने चालणारा निष्क्रिय भासण्याचा धोका संभवतो. अशा आकड्यांवर विसंबून औषधाची मात्रा बदलल्यास रुग्णाचेच नुकसान होईल.

निष्कर्ष : निरोगी व्यक्तींवरून ठरविलेले निकष कंपवाताच्या रुग्णांना जसेच्या तसे लावणे योग्य नाही. चालण्याच्या मापनासाठी संवेदक कंबरेवर बांधणे, नोंदी अनेक दिवस घेणे, औषधाच्या वेळा टिपून ठेवणे आणि गणनपद्धती प्रत्यक्ष रुग्णांच्या चित्रफितींशी पडताळून पाहणे आवश्यक ठरते. संवेदकाचा आकडा वैद्यकीय तपासणीस पूरक आहे, तिचा पर्याय नव्हे.