नोकरी सोडण्याची ऐपत

७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे पाणी शुद्ध करण्याची रसायने बनविणाऱ्या एका कारखान्यास आग लागली आणि १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १५ स्त्रिया होत्या. अशा दुर्घटनेनंतर परवाने, तपासणी आणि भरपाई यांची चर्चा होते, तशी ती झाली. परंतु सुशिक्षित वर्तुळात अशा वेळी आणखी एक प्रश्न हमखास निघतो : जेथे एवढा धोका होता तेथे ही माणसे कामाला जात तरी का होती? विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात राजीनामा ही शक्य कोटीतील गोष्ट असते, इतकेच.

या प्रश्नाला अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनीही थोडाफार हातभार लावलेला आहे. जे काम अप्रिय, कष्टाचे वा घाणेरडे, त्याला वेतन अधिक द्यावे लागते, असा सिद्धान्त अॅडम स्मिथने १७७६ साली मांडला. म्हणजे धोका पत्करणारा त्याची किंमत वसूल करूनच तो पत्करतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली यावर नेमके बोट ठेवले : सर्वांत किळसवाणी आणि थकविणारी कामे सर्वांत कमी मोबदल्याची असतात, कारण ती ज्यांना निवड नाही त्यांच्याच वाट्याला येतात. रसायनांची पाकिटे भरणाऱ्या कंत्राटी मजूर स्त्रीचा रोज आणि त्याच तालुक्यातील हिंजवडीत वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या अभियंत्याचा पगार शेजारी-शेजारी ठेवले, की मिलसाठी वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

निवड नाही, ती का नाही, याचे उत्तर मुळशीत तरी इतिहासात सापडते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ साली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण झाले, गावे बुडाली. त्या लढ्याकडे आपण देशभक्तीचा अध्याय म्हणून पाहतो. पण भातखाचर राखण्याचा अर्थ निव्वळ भावनिक नव्हता. ज्याच्या घरात आंबेमोहराची चार पोती आहेत तो दुसऱ्याच्या दारातील कामाला नाही म्हणू शकतो. पुढे उरलेल्या जमिनींपैकीही कितीतरी कारखाने, बंगले आणि वसाहती यांच्याकडे गेल्या. जमिनीबरोबर हा नकारही विकला गेला, मात्र खरेदीखतात त्याची नोंद कोठेच नसते.

कायद्याने ही उणीव भरून काढावी अशी अपेक्षा असते. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि जिवाला नजीकचा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेतही तोच हक्क आहे. मालकाबरोबरच निरीक्षकालाही कळविण्याची मुभा आहे. तथापि येथेच खरी मेख आहे. आपला कायदा कामगाराला धोका सांगण्याचा हक्क देतो. धोका दूर होईपर्यंत काम थांबवून बाहेर जाण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या संकेताने मात्र गंभीर धोक्यापासून स्वतःला दूर करणाऱ्या कामगाराला संरक्षण दिलेले आहे. ब्रिटनमध्ये तर मालकाच्या गैरवर्तनामुळे नोकरी सोडणे भाग पडले, तर १९९६ चा कायदा त्या राजीनाम्यालाही बडतर्फीच मानतो.

आपल्याकडे राजीनाम्याचा सगळा भुर्दंड राजीनामा देणाऱ्यावर. उपदानाचेच पाहा. कायम कामगाराला ते मिळण्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. मुदतबंद नेमणुकीपुरती ही अट आता एक वर्षावर आली आहे. पण पाच वर्षे भरण्याआधी कामगार मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला, तर ही अट लागू होत नाही. धोका ओळखून चौथ्या वर्षी बाहेर पडणारा शहाणा रिकाम्या हाताने जातो. एवढा क्रूर विनोद कायदा करणाऱ्यांनी जाणूनबुजून केला नसेल, पण परिणाम तोच होतो.

हिंजवडीच्या अभियंत्याची अडचण निराळी. त्याला सोडणे परवडते. परंतु त्याची हानी आगीसारखी एका दुपारी दिसत नाही. झोप उडते, पाठ धरते, घरात शब्द उरत नाहीत आणि घराचे हप्ते त्याला पुढच्या पगारवाढीपर्यंत थांबवून धरतात. अल्बर्ट हर्शमन याने १९७० साली दाखवून दिले की, बिघाड ज्यांना आधी आणि तीव्रतेने जाणवतो तेच प्रथम निघून जातात आणि मागे तक्रार करणारे कोणी उरत नाही. म्हणून त्याने निदान जाण्याआधी बोलावे, लिहून द्यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

कष्ट आणि हानी यांत फरक केला पाहिजे. उकाडा, उभ्याने काम, तुटपुंजा रोज यांच्यासाठी भांडता येते, वाट पाहता येते. ज्या हानीची भरपाई कोणत्याही पगाराने होत नाही, तेथे तक्रार दुर्लक्षिली गेल्यावर दुसरी नोकरी हाती येईपर्यंत थांबणे हा शहाणपणा नव्हे. परंतु हे सांगणाऱ्याने पाकिटे भरणाऱ्या स्त्रीच्या जागी क्षणभर उभे राहावे. ज्वालाग्राही मालाने दुसरा दरवाजा अडलेला तिला रोज दिसतो. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, शेड मालकाची, निरीक्षकाची कचेरी पुण्यात. उद्या ती आली नाही, तर परवा तिच्या जागी तिच्याच वाडीतली दुसरी बाई उभी असेल. तिने तक्रार लिहून द्यावयाची ठरविली, तर वर नाव कोणाचे घालावयाचे, येथपासून तिचा प्रश्न सुरू होतो.